कापसात टांगलेला कंपनीचा फोन

मित्रांनो, मी एक मोबाईल आहे. बराच जुना, आणि मुख्य म्हणजे कंपनीचा. घरच्या फोनचं सुख माझ्या नशिबी नव्हतं. घरचा फोन हातातून पडला की घरभर हळहळ होते. मी पडलो की अर्ज भरावा लागायचा, तोही तीन प्रतींत.

कारखान्यात हजारभर भावंडांसोबत माझा जन्म झाला. डब्यात बंद होऊन मी पुण्याला आलो. तिथे माझ्या पाठीवर नंबर चिकटवला गेला आणि सलीलसाहेबांनी मला शिस्त लावली. कंपनीने गावोगाव वाटलेल्या फोनांचे हे हेडमास्तर. कोणता फोन कुठे फिरतोय, कोणी पासवर्ड बदलला नाही, हे त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या दिसायचं. माझ्यात गाणी भरायची नाहीत. घरचे फोटो ठेवायचे नाहीत. केबल लावून किंवा ब्लूटूथने माझ्या पोटातलं काही बाहेर काढता यायचं नाही. मला बंद करायलासुद्धा पासवर्ड लागायचा.

विमानात बसल्यावर लावतात तो पर्याय तेवढा सुरुवातीला उघडा होता. तो लावला की फोन कुठे आहे ते साहेबांना दिसत नाही, हा शोध यवतमाळ जिल्ह्यातल्या मंडळींना आठवडाभरात लागला. मग रोज जेवण झालं की दीड ते साडेतीन जिल्ह्यातले सगळे कर्मचारी विमानात असायचे. साहेबांनी तोही पर्याय बंद केला.

पांढरकवड्याचे आमचे सुपरवायझर पंजाबराव. त्यांनी यात आपल्या मनाची भर घातली. कोणी कंपनीचं सिम काढून स्वतःचं घालू नये म्हणून सगळ्या फोनांच्या सिमच्या फटीत त्यांनी फेविक्विक भरलं. सातव्या फोनला त्यांचं बोट चिकटलं ते दोन तास निघेना, पण अहवालात त्यांनी सहाच फोन लिहिले.

मी गेलो नलूताईकडे. नलूताई चाळिशीची, पांढरकवड्याचीच. शिक्षण दहावीपर्यंत, पण कपाशीचं झाड पाहून त्याचं दुखणं सांगायची. आमची कंपनी पिकावरच्या किडीचा अंदाज सांगायची. त्यासाठी शेतात सापळे लावलेले असत. काठीला एक नरसाळं, खाली लांब प्लास्टिकची पिशवी, आणि आत मादीच्या वासाची गोळी. नर पतंग वासाला भुलून येतात आणि पिशवीत पडतात. नलूताई रोज चार गावं आणि टेकडीमागचं एक पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, फिरायची, पिशव्या उलट्या करून पतंग मोजायची आणि आकडे माझ्यात भरायची. वही बाळगायची बंदी होती. वहीला पासवर्ड नसतो ना.

आकडे भरले तरी वाटेल तिथून पाठवायचे नाहीत, असाही नियम होता. बाहेरचं नेटवर्क कंपनीला विश्वासाचं वाटत नसे. दर शनिवारी दुपारी बाराच्या आत पांढरकवड्याच्या कार्यालयात यायचं आणि तिथल्या वायफायवरूनच पाठवायचे. त्यावरून गावोगावच्या शेतकऱ्यांच्या फोनवर निरोप जायचे, नलूताईच्या नावाने. आणि एखाद्या गावाचा आकडा आलाच नाही, तर पुण्याची मशीन रिकाम्या जागी शून्य धरायची. शून्य म्हणजे अळी नाही, निर्धास्त राहा.

दोन हजार सतराचं साल. गुलाबी बोंडअळीने त्या वर्षी उच्छाद मांडला होता. बोंड वरून हिरवंगार, आणि फोडलं की आत अळी आरामात बसलेली. नलूताईचे आकडे रोज चढत होते आणि शनिवार जवळ येत होता.

त्या गुरुवारी पोडाजवळच्या शेतात अचानक भुरभुर पाऊस आला. नलूताईच्या एका हातात पतंगांची पिशवी, दुसऱ्या हातात मी. मला ओल लागू नये म्हणून तिने सापळ्याची एक कोरी पिशवी काढली, मला त्यात घातलं, वर गाठ मारली आणि काठीला टांगलं. पतंग मोजले, पाऊस थांबला, परतीच्या काळीपिवळी जीपचा हॉर्न वाजला आणि नलूताई धावत गेली. मी तिथेच लटकत राहिलो. शेतात असे पाच सापळे होते, मी सहावा. तिच्या हाताला त्या गोळ्यांचा वास होता, तो माझ्या पिशवीलाही लागला होता. संध्याकाळी एक एक करून नर पतंग येऊन माझ्यावर बसू लागले. इतक्या प्रेमाने माझ्याकडे आजवर कोणी आलं नव्हतं.

इकडे घरी गेल्यावर नलूताईने पर्स उलटी केली, पिशवी उलटी केली, पण मी कशातच नव्हतो. फोन हरवला तर तासाभरात कळवायचं, हा पहिला नियम. तिने पंजाबरावांच्या फोनवरून कळवलं. सलीलसाहेबांनी कळ दाबली. आता मी जिथे असेन तिथे मला नेटवर्क मिळालं की माझ्या पोटातलं सगळं पुसलं जाणार होतं. म्हणजे चोराला काही मिळणार नाही. चोर म्हणून तिथे फक्त पतंग होते, हे साहेबांना कसं कळावं?

मी अजून शाबूत होतो, कारण पोडाला रेंजच नव्हती. रेंज होती ती टेकडीच्या माथ्यावर, शिवेच्या दगडापाशी. त्याला सगळे हॅलोचा दगड म्हणत. कोणीही चढण चढताना फोन हातात उंच धरून चालायचं, देवाची पालखी धरावी तसं.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी गजर केला. पासवर्ड बदलायची आठवण होती ती. निंदणाला, म्हणजे तण काढायला आलेल्या पोडातल्या जमनीला वाटलं, सापळ्यात काहीतरी सापडलं आणि रडून राहिलं. तिने पिशवी सोडली, मला पाहिलं, आणि ओळखलं. नलूताई येता जाता तिच्याकडे चहा घ्यायची. बाईचा फोन सापडला, घेऊन जा, असा निरोप तिने काळीपिवळीच्या ड्रायव्हरजवळ पाठवला.

निरोप मिळताच पंजाबरावांनी पुण्याला फोन लावला. सलीलसाहेब म्हणाले, आदेश मागे घ्यायला आमच्या वरच्या मॅडमची सही लागते, मॅडम सोमवारी येतील, तोपर्यंत फोन नेटवर्कमध्ये येऊ देऊ नका.

पंजाबराव म्हणाले, "साहेब, इथं लोकं रेंजसाठी झाडावर चढून राह्यले, आन् तुम्ही म्हन्ता, रेंजपासून वाचवा."

नलूताई मोटरसायकलवर मागे बसली सुद्धा होती. सगळ्या वाटेने ती एकच बोलत होती, आकडे गेले तर शून्य जाईल. पंजाबराव म्हणाले, आकडे आठवून सांग. तिने सांगितलं, पाच ठिकाणं, रोजचे पाच सापळे, सहा दिवस. आठवून सांगितलेले आकडे ती कोणाच्या शेतावर लावणार नाही.

आता ऐका भलेपणाची गोष्ट. जमनीचा नवरा उकंडा. बाईला कशाला एवढ्या लांब यायला लावायचं, या विचाराने तो मला घेऊन स्वतःच निघाला होता. मागून जमनी, कमरेला डबा. दोघं टेकडी चढत होते. आणि रीतीप्रमाणे उकंडाने मला हातात उंच धरलं होतं.

नलूताई आणि पंजाबराव दुसऱ्या बाजूने माथ्यावर पोचले. खाली तिला उकंडा दिसला आणि त्याच्या हातात मी दिसलो. तिने दोन्ही हात हलवून ओरडायला सुरुवात केली. वारा उलटा होता. उकंडाला वाटलं, बाई आनंदली. त्याने मला आणखी उंच केलं. ती आणखी जोरात हात हलवायला लागली. तो टाचा उंचावून चालू लागला. माझ्या कपाळावर रेंजची एक दांडी आली, गेली, पुन्हा आली.

तेवढ्यात जमनीच्या कानावर "रेंज" आणि "नको" एवढे दोन शब्द पडले. तिने नवऱ्याच्या हातातून मला ओढलं, स्टीलच्या डब्यात भाकरीवर ठेवलं आणि झाकण दाबलं. मी ठेच्यात बसलो. बाहेरचं जग बंद झालं.

पंजाबराव धापा टाकत खाली आले आणि म्हणाले, हे तुले कोनं शिकवलं? जमनी म्हणाली, "आमचा फोन डब्यातच राह्यते, उंदरापायी. दगडापाशी नेला तरी झाकन उघडल्याबिगर वाजत नाई. दोन सालापासून कोनाचाच फोन नाई आला. लय निवांत हाये."

सगळे परत पोडात आले. जमनीच्या अंगणात झाकण उघडलं. माझ्यात एकोणीस टक्के बॅटरी होती आणि पोडात दोन दिवस वीज नव्हती. केबल बंद, ब्लूटूथ बंद, सिम चिकटवलेलं. नलूताईने एकदा सिमच्या फटीकडे पाहिलं, एकदा पंजाबरावांकडे. ते आभाळाकडे पाहू लागले.

उपाय एकच होता, हाताने उतरवून घ्यायचं. पेन होता, कागद नव्हता. शेवटी मोटरसायकलच्या डिकीत कंपनीचीच पत्रकं निघाली: फोनच्या सुरक्षेचे दहा नियम. चौथा नियम, माहिती कागदावर लिहू नये. पाठ कोरी होती. नलूताई अंगणात मांडी घालून बसली, पंजाबराव आकडे वाचू लागले आणि ती नियमांच्या पाठीवर लिहू लागली. कधी पडदा विझायचा, कधी मी पासवर्ड मागायचो, ती शिव्या घालत बोटं चालवायची. अकरा टक्क्यांवर शेवटचं गाव झालं.

तोवर अर्धं पोड अंगणात जमलं होतं. जमनीने विचारलं, "याच्यात आमचं कोन्तं?"

बाहेरच्या माणसाला आकडे दाखवायचे नाहीत, हा सहावा नियम त्याच कागदाच्या पुढच्या बाजूला होता. नलूताईने तरी बोट ठेवलं. "हे. नऊ, बारा, चौदा. तीन दिवस सारखे आठाच्या वर गेले म्हनजे धोका."

"म्हनजे अळी हाये," जमनी म्हणाली. "मले पंधरा दिसापासून माहीत हाये, बाई. कंपनीले आज समजलं का?"

कोणी हसलं नाही, म्हणून पंजाबराव एकटेच हसले. मग नलूताईने सगळ्यांना डोमकळी दाखवली, पाकळ्या मिटलेलं, गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं फूल. आत अळी असते. ही तोडून जाळा, म्हणाली. आजच लागा. कंपनीचा निरोप येईल तेव्हा येईल. बाया तशाच उठल्या.

मग मला पुन्हा डब्यात बंद करून ती पंजाबरावांच्या मोटरसायकलवरून माथ्यावर गेली. हॅलोच्या दगडाला टेकून तिने पंजाबरावांच्या बटणांच्या फोनवरून सलीलसाहेबांना गाठलं. ते म्हणाले, आकडे असे फोनवरून घेता येत नाहीत, नियमात नाही.

नलूताईचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "साहेब, तुमची मशीन रिकाम्याले शून्य समजते. उद्या पाचही गावाले माह्या नावानं निरोप जाईन का अळी नाई, झोपा. मी त्या गावात पुन्हा कोन्त्या तोंडानं जाऊ, ते तुमच्या नियमात पाहून सांगा."

पलीकडून कागद फाडल्याचा आवाज आला.

"सांगा," सलीलसाहेब म्हणाले. "जरा हळू सांगा, मला लिहायची सवय राहिली नाही."

अर्ध्या तासात पाचही ठिकाणांचे आकडे पुण्याच्या कागदावर उतरले. मध्येच त्यांनी विचारलं, पोड म्हणजे काय. नलूताईने सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं. सगळं स्वतःच्या हाताने मशीनमध्ये भरतो, म्हणाले, पण तुमच्या फोनचा आदेश मात्र मला थांबवता येणार नाही.

"पुसा," ती म्हणाली. "त्यात आता मतलबाचं काई राह्यलं नाई."

बोलून गेली आणि डबा उघडायला मात्र तिला वेळ लागला. मला बाहेर काढून तिने पदराने माझ्यावरचा ठेचा पुसला. दोन वर्षं मी तिच्यासोबत उन्हातान्हात हिंडलो होतो. तिच्या बोटांचा वेग मला ठाऊक होता, आकडा चुकला की ती जीभ चावते तेही. तिने मला हातात उंच धरलं. एक दांडी आली, दुसरी आली. पडदा काळा झाला.

मग मी पुन्हा उजळलो आणि नव्या फोनाने म्हणावं तसं म्हणालो: नमस्कार. आपली भाषा निवडा.

तिने निवडली.

मी विचारलं: आपलं नाव काय?

पंजाबराव मोटरसायकल पुसत राहिले. नलूताई माझ्याकडे पाहत होती. "नलू," ती म्हणाली, आणि तेच हळूहळू बोटाने लिहिलं. "नलू नाव हाये माह्यं. ध्यानात ठेवजो बापा."

शनिवारी पाचही गावांना खरा निरोप गेला. सोमवारी मॅडमची सहीही आली, आदेश रद्द करण्यास मंजुरी. ती आजही पंजाबरावांच्या फायलीत आहे.

आता मी म्हातारा झालोय. कंपनीने मला कामातून काढलं, नलूताईने अर्ज करून मला मागून घेतलं. सिम अजून निघालेलं नाही. मी तिच्या घरी गजर लावण्याच्या कामी येतो.

तर मित्रांनो, पासवर्ड लावा, तो वरचेवर बदला, फोन हरवला तर तासाभरात कळवा. सलीलसाहेबांचं यात काही चुकलं नव्हतं. फोन सापळ्याच्या पिशवीत घालू नका. आणि एवढं करा, तुमच्या फोनमध्ये जे खरोखर मोलाचं आहे, ते एखाद्या जित्याजागत्या माणसाला सांगून ठेवा. मला त्या शुक्रवारच्या आधीचं काहीसुद्धा आठवत नाही. हे सगळं मी नलूताईच्या तोंडून ऐकलेलं आहे. कोणी पाहुणा आला की ती मला हातात घेते आणि पहिल्यापासून सांगते, आणि मी दर वेळी नव्याने ऐकतो.