वायसर ठीक होता

मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेलो आहे. उज्जैनला माधव नगरातल्या एका गोदामात, फुटक्या बादल्यांच्या शेजारी मला उभे करून ठेवले आहे. गळ्यात चिठ्ठी बांधली आहे, 'बिघडलेला' अशी. ती चिठ्ठी धडधडीत खोटी आहे. कशी, ते ऐका.

मी नवा होतो तेव्हा मला पाहायला देवास गेटच्या बसअड्ड्यावर माणसे जमायची. फवारणीवाला माणिक मला बसच्या टपावर चढवायचा. माणिक उज्जैनचाच मराठी माणूस, कामाला वाघ. तो बादलीत डीडीटी कालवायचा, माझे एक टोक तिच्यात सोडायचा, पायदानावर पाय रोवून दट्ट्या मारायचा, आणि नळीतून घरांच्या भिंतींवर फवारा उडायचा. डास त्या भिंतीवर टेकला की मेलाच. जिथे हिवतापाने घरेच्या घरे अंथरुणाला खिळलेली असत, तिथे वर्षभरात मुले अंगणात खेळू लागत. लोक माझे कौतुक करत. मी फुगायचोही, खोटे कशाला बोलू?

पण टापूखेडीने माझा सगळा तोरा उतरवला. टापूखेडी म्हणजे चंबळ नदीतले चाळीस घरांचे बेट. अर्धी घरे आमच्या मध्यभारतात, अर्धी राजस्थानात, आणि हद्दीवर एक बाभूळ. पहिल्या वर्षी आम्ही बाभळीपर्यंत फवारले आणि परतलो. पलीकडच्या भिंतींवर आमचे औषध उडवायला मनाई होती. डासांना कुठली मनाई? ते तिकडे वाढले आणि इकडे येऊन चावले. बाभळीला लागून धापूबाईचे घर होते. त्या हिवाळ्यात तिची थोरली नात तापाने गेली. साहेबलोक पुढची दोन वर्षे एकमेकांना पत्रे लिहीत राहिले.

अखेर ठरले, की दोन्ही राज्यांच्या टोळ्यांनी एकाच दिवशी सगळे बेट फवारायचे. मी हरखून गेलो. ते १९५६ साल. एक नोव्हेंबरला राज्यांची नवी मांडणी व्हायची होती, मध्यभारत हे नावच जायचे होते. त्याआधी काम उरकावे म्हणून दोन्ही ऑफिसांनी तीस ऑक्टोबर ही तारीख धरली. दिवाळी तीन दिवसांवर होती. दिवाळीआधी बायका घरात काय करतात, हे इतक्या साहेबांत एकालाही सुचू नये?

आम्ही पोचलो तेव्हा धापूबाई अंगणात शेण आणि पिवळी माती आणून ठेवत होती. धाकटी नात सोनकी तिच्या पाठीला बिलगली होती. धापूबाईने माझी नळी धरून ठेवली.

"परसूँ भींत लीपांगा, भैया," ती माणिकला म्हणाली. "दवा नीचे दब जायगी. दिवाली पाछे आजो."

माणिक आमच्या इन्स्पेक्टरांकडे, यज्ञेश्वररावांकडे गेला. "साहेब, बाई सही बोलते आहे. औषध लिपणाखाली जाईल. आठ दिवस थांबू या."

यज्ञेश्वररावांनी घड्याळ पाहिले. दोन राज्यांनी मिळून ठरवलेली तारीख एका म्हातारीसाठी बदलायची का, असे विचारले. वर म्हणाले, त्यांना सांग, यंदा लिपू नका.

दिवाळीला घर लिपायचे नाही! माळव्यातली कुठली बाई हे ऐकेल? आणि तिने का ऐकावे? माणिकने मुकाट्याने फवारले. मीही फवारले. मला नाही म्हणता येत नव्हते, याची चीड अजून जात नाही. दोन दिवसांनी सगळ्या बेटाने भिंती लिपल्या, वर मांडण्यांची पांढरी नक्षी काढली. औषध लिपणाच्या आत राहिले आणि डास खुशाल बाहेर बसले. मार्गशीर्षात सोनकी गेली.

अहवालात काय लिहिले, ठाऊक आहे? 'अडाणी बायकांनी औषध झाकून टाकले.' अडाणी कोण, मित्रांनो?

पुढच्या वर्षी राज्याचे नाव बदलले होते, पण तारीख पुन्हा दिवाळीच्या तोंडावरच आली. माणिक वाद घालायला गेला नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्याने मला खोलले, माझ्या दट्ट्याचा चामड्याचा वायसर काढून खिशात टाकला आणि यज्ञेश्वररावांना जाऊन सांगितले, "वायसर गेला, साहेब. नवा येईपर्यंत पंप बंद." पलीकडच्या टोळीतल्या गोपाळला त्याने आधीच निरोप धाडला होता. त्याचाही पंप नेमका त्याच दिवशी बिघडला. दोन राज्यांनी मिळून केलेले शहाणपणाचे काम मी एवढे एकच पाहिले.

दिवाळीनंतर आठव्या दिवशी वायसर जागेवर आला आणि दोन्ही टोळ्या बेटावर पोचल्या. भिंतींचे लिपण खडखडीत वाळले होते. धापूबाईने दार उघडून धरले आणि सगळ्यात आधी आतल्या कोपऱ्याकडे बोट दाखवले.

"पेलां यां," ती म्हणाली. "म्हारी सोनकी यां सोती थी."

माणिकने पायदानावर पाय रोवला. मी सगळा जोर लावून तो कोपरा फवारला. त्या हिवाळ्यात टापूखेडीत तापाने एकही मूल गेले नाही. मला मात्र 'ऐनवेळी दगा देणारा' ठरवून इथे आणून टाकले. टाकू देत. माझा राग त्याच्यासाठी नाही.

वस्तूंची नीट निगा राखा, असे सगळ्याच जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात. मी तेवढ्यावर सोडणार नाही. उद्या तुम्ही साहेब व्हाल, औषध घेऊन कुणाच्या तरी दारात जाल. तेव्हा घड्याळ पाहू नका. आधी घरच्या बाईला विचारा, भिंत कधी लिपणार आहे, आणि ती सांगेल तीच तारीख धरा. धापूबाईने सांगितली होती.