ताबुरे यांच्या घरावरील संगमरवरी पाटी

पॅरिसच्या कुशीतील आमच्या व्हिलब्रेश गावाच्या एका थोर माजी रहिवाशाचा वृत्तांत मी यथामती, सत्यास न सोडता, येथे निवेदन करणार आहे.

थोर माजी रहिवाशांच्या घरांवर संगमरवरी पाटी लावण्याची आमच्याकडे प्रथा आहे. एक चित्रकार, एक सेनापती व एक दंतवैद्य एवढेच आजवर आमच्या वाट्यास आले. चौथे आपण व्हावे, ही अकॉर्डियनवादक फुल्जांस ताबुरे यांची आयुष्यभराची आकांक्षा होती. त्यांचे वादन एकदा रेडिओवर वाजले होते.

"पण मस्यू ताबुरे, तुम्ही तर अजून इथंच राहता," नगराध्यक्षा मादाम ब्रिजू म्हणाल्या. "पाटीवर 'येथे राहत होते' असं कोरतात."

"मग जातो की."

आमच्या गल्लीच्या मधोमध गावाची हद्द आहे. समोरची घरे मोंकारे गावाची. तेथे पावाच्या दुकानावरील खोली ताबुरे यांनी घेतली. पत्नी लेओंतीन यांनी मात्र घर सोडण्यास साफ नकार दिला. गवंडीकाम हा माझा व्यवसाय असल्याने पाटी मीच बसविली. भाषणे झाली, बँड वाजला.

त्याच सायंकाळी ताबुरे सवयीने सूप प्यावयास आले.

"कोण पाहिजे?" लेओंतीनबाईंनी दार अडवून विचारले.

"अगं, मी."

"ते इथं राहत होते. बाहेर लिहिलंय, वाचा."

"थट्टा पुरे. कांद्याचा वास सुटलाय."

"थोर माणसं मोंकारेत जेवतात म्हणे."

अखेर बाईंनी खिडकीतून वाडगा दिला. ताबुरे आत राहू लागल्यास पाटी उतरवावी लागेल, अशी समज नगराध्यक्षांनी दिलेली. म्हणून ते रोज पदपथावर उभ्यानेच जेवू लागले. जाणारे-येणारे टोप्या काढून "आज काय बेत, महाशय?" असे आदराने विचारीत.

डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली. चमचा ओठांशी पोहोचेतो सूप गार होई. एके दुपारी ते माझ्याकडे आले.

"पोतिए, शिडी आहे का?"

"का, पाटी वाकडी दिसते?"

"सरळ आहे. काढायचीय."

मी शिडी धरली. स्क्रू त्यांनी स्वहस्ते काढले. बराच वेळ ते पाटीवरील स्वतःचे नाव बाहीने पुसत राहिले. तोच खिडकी उघडली.

"अहो, आत येताना पाय पुसा. आणि भिंतीला भोकं पाडलीत ती कोण बुजवणार?"

ताबुरे आत गेले. भोके मी बुजविली.

हे कथन शांतपणे वाचल्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार मानणारा,
गिस्लँ पोतिए, गवंडी, व्हिलब्रेश.