आईला अंदमानला कशाला जायचंय

माणूस काही लपवायला लागला की आधी ताठ बसतो. एकोणीस वर्षं मी बसमधली तिकिटं तपासतोय, एवढं तरी मला कळतं. झोपेचं सोंग नवखे घेतात. मुरलेला फुकट्या ताठ बसतो आणि तुमच्याकडं बघून आपणहून हसतो. संक्रांतीला गावी गेलो होतो, तेव्हा आई माझ्या ताटासमोर अशीच ताठ बसली, आपणहून हसली आणि म्हणाली की तिला पोर्ट ब्लेअरला जायचंय. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

माझी आई पद्मावती अडुसष्ट वर्षांची. तिचा प्रवास म्हणजे श्रवणबेळगोळ, कुंभोजचा बाहुबली आणि जन्मात एकदा शिखरजी. गोवा आम्हाला चार तासांवर, पण तिथं हवेला मासळीचा वास येतो म्हणून ती कधी आली नाही. वडील गेल्यावर मी बेळगावात अनगोळच्या घरात तिच्यासाठी खास खालची खोली बांधून घेतली. दोन वर्षं झाली, खोली तशीच आहे. बेळगावला राहायला ये म्हटलं की तिला म्हैस आठवते, बस्तीतली सकाळची पूजा आठवते. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. निपाणीजवळच्या गावातून सत्तर किलोमीटरवर मुलाच्या घरी यायला जिचा पाय निघत नाही, ती बाई समुद्रापार निघाली होती. आणि तीसुद्धा नुसतं अंदमान नाही म्हणाली. पोर्ट ब्लेअर म्हणाली, कुठंही न अडखळता. हे तिला कुणी शिकवलं?

मी सरळ विचारलं. ती म्हणाली, कॅलेंडरवर चित्र बघितलं, हिरवेगार डोंगर, समुद्राकाठी गाव, लई झकास दिसतंय. मी ते कॅलेंडर बघायला मागितलं. ते म्हणे शेजारच्यांकडं होतं.

बेळगावला येऊन सोनलला सांगितलं. सोनल माझी बायको, शाळेत शिकवते. तिला दहा वर्षांपासून अंदमानला जायचं होतं आणि दहा वर्षं मला रजा मिळत नव्हती. तिनं आनंदानं आईला फोन लावला आणि बोलत बोलत गच्चीवर गेली. आमची मुलगी सौम्या मोबाईलवर विमानं शोधायला लागली, बेळगावहून बेंगळुरू, तिथून पुढं पोर्ट ब्लेअर, परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये. तिला बेटाचं नाव विचारायचीसुद्धा गरज पडली नाही. मी दोघींकडं बघून घेतलं.

पहिला संशय एजंटचा. म्हाताऱ्या माणसांना गाठून सहली गळ्यात मारणारे खूप झालेत. निपाणीत दोन ठिकाणी चौकशी केली, आईला कुणी भेटलेलं नव्हतं. मग एका संध्याकाळी तिचाच फोन आला, की तिकडं सूर्य साडेपाचलाच मावळतो, तेव्हा पाचच्या आत जेवण देईल असं हॉटेल बघ. आई दिवस मावळायच्या आत जेवते, त्यात कधी चुकत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बंगालच्या उपसागरात सूर्य किती वाजता मावळतो हे तिला कसं ठाऊक? दोन दिवस उलटतपासणी केली तेव्हा सौम्या कबूल झाली. आजी महिनाभर तिलाच फोन करून सगळं विचारत होती. का विचारत होती ते मात्र तिलाही सांगितलेलं नव्हतं.

मला खरं खटकलं ते वेगळंच. आई घाई करत होती. चातुर्मास लागायच्या आधी जाऊन यायचं, मग जमणार नाही, असं तिनं तीनदा सांगितलं. का जमणार नाही, तर म्हणे तेव्हा बघू. ह्या बाईनं आयुष्यात कशाची घाई केली नव्हती. दाताचं दुखणं तिनं चार वर्षं पुढं ढकललं होतं. अशा माणसाला एकाएकी जग बघायची घाई कधी होते, हा विचार मी मनात येऊ देत नव्हतो, पण तो येतच होता. त्यात दर गुरुवारी सकाळी ती फोन उचलत नव्हती. दुपारी विचारलं की बस्तीत होते म्हणायची.

मार्चमधल्या एका गुरुवारी आम्ही तपासणीची जीप कडेला लावून निपाणी-संकेश्वर बस थांबवली. मी मागच्या दारानं चढलो. कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे, पण शून्य रुपयाचं तिकीट घ्यावंच लागतं, नाहीतर कंडक्टरला दंड. म्हणून मी बायकांचीही तिकिटं बघतो. एकेक सीट करत पुढं आलो, तर चौथ्या रांगेत खिडकीपाशी आई. नवीन लुगडं, मांडीवर कापडी पिशवी. माझ्यामागं माझा सहकारी, पुढं कंडक्टर, सगळी बस भरलेली. मला दुसरं काही सुचलं नाही. मी हात पुढं केला.

तिनं पदराच्या गाठीतून तिकीट काढून दिलं. संकेश्वर. मी ते बघितलं, परत दिलं. ती म्हणाली, "बरं हाय न्हवं?" मी म्हणालो, हो, बरोबर आहे. आणि खाली उतरलो.

संकेश्वरमध्ये आमचे पाहुणे नाहीत. बाजार तिला निपाणीत मिळतो. संकेश्वरमध्ये दवाखाने आहेत. दिवसभर मी लोकांची तिकिटं उलटी-सुलटी बघत होतो आणि डोळ्यापुढं एकच, आई कुठल्यातरी डॉक्टरच्या दारात एकटी बसलीय. घरी येऊन सोनलला सांगितलं तर ती म्हणाली, तुम्हाला सरळ काही दिसतच नाही, उद्या आईंनाच विचारा. पण विचारून सांगणारी असती तर तिनं लपवलं कशाला असतं? रात्री मी मनातल्या मनात महावीरांना काय काय कबूल केलं ते इथं सांगत नाही. सकाळी उठून विमानाची तिकिटं मात्र काढून टाकली. भाव बघितला नाही, रजेचा विचार केला नाही.

पुढच्या गुरुवारी आजारपणाची रजा टाकली आणि संकेश्वरच्या स्टँडवर उसाच्या रसाच्या गाड्यामागं जाऊन उभा राहिलो. पन्नाशीला आलेला माणूस, सरकारी नोकर, स्वतःच्या आईच्या पाळतीवर. लाज वाटत होती. तरी उभा राहिलो.

साडेदहाच्या बसनं ती आली. मी पन्नास पावलं मागं. ती सरळ दवाखान्यांच्या रस्त्याला लागली. एका मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकाशी थांबली, पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. मी एका उभ्या रिक्षाआड झालो. मग तिनं दोन्हीकडं बघितलं, रस्ता ओलांडला आणि समोरच्या बोळात शिरली. बोळाच्या टोकाला बस्ती होती. दारात थांबून, मागं वळून न बघता ती म्हणाली, "चप्पल भाईर काढ आणि आत ये. ऊन लई हाय."

तिथं एका आर्यिका माताजींचा, म्हणजे आमच्यातल्या साध्वींचा, मुक्काम होता. प्रवचन चालू होतं, वीस-पंचवीस बायका बसल्या होत्या. मी मागं भिंतीला टेकून बसलो आणि एक शब्द ऐकला नाही. आईच्या मानेकडं, खांद्यांकडं बघत होतो, वजन घटलंय का ते. सगळं संपल्यावर आम्ही बाहेरच्या पायरीवर बसलो, तेव्हा मी पहिल्यांदा तेच विचारलं, तुला काय झालंय? तिला काही कळेना. कळलं तेव्हा ती हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला काहीही झालेलं नव्हतं. साखर नाही, बीपी नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आणि त्याच्या जागी राग आला. मग हे सगळं काय आहे, म्हणून मी आवाज चढवला.

तिनं शांतपणे सांगितलं. चातुर्मास लागेल त्या दिवशी ती माताजींपुढं दिग्व्रत घेणार होती. आमच्यात हे व्रत असतं. दाही दिशांना आपणच आपली हद्द ठरवायची आणि जन्मभर ती ओलांडायची नाही. जेवढं फिरणं कमी तेवढं मन थाऱ्यावर. माझ्या आजीनं घेतलं होतं. आईची हद्द ठरलेली होती. उत्तरेला कुंभोज, पूर्वेला चिकोडी, पश्चिमेला मुरगूड.

"आणि दक्षिणेला?"

"हेच. संकेश्वर."

मी मनात नकाशा मांडला. मांडायची काही गरज नव्हती, तो रस्ता माझा रोजचा आहे. संकेश्वरच्या पुढं हत्तरगी, त्याच्या पुढं बेळगाव, बेळगावात अनगोळ. माझं घर हद्दीच्या बाहेर होतं. रेघभर नव्हे, चांगलं पन्नास किलोमीटर बाहेर. मी तिला म्हणालो की हद्द तुझी तू ठरवतेस, कुणी सांगितलेली नाही, मग बेळगावपर्यंत घे. देवाला पन्नास किलोमीटरनं काय फरक पडतो? मी म्हणालो, म्हणजे तू माझ्या घरी आता कधीच यायची नाहीस, हे तू आधीच ठरवलंस, आणि मला समुद्र दाखवून गप्प करणार होतीस. मला फार वाईट वाटलं होतं आणि ते मी तिला सांगितलं.

"तुझ्या खोलीला न्हाय म्हणायला माझं तोंड हुईना," ती म्हणाली. "तू लई हौसेनं बांधलीयास. पर माझं सगळं हितं हाय रं. तिथं मी दिसभर खिडकीतनं रस्ता बघत बसणार, आणि तू रात्री धाला येणार."

मी म्हणालो की मग भेट कशी व्हायची.

"हद्द मी घेणार. तुला कुणी घातलीया? तू ये की."

ह्यावर माझ्याकडं रजेचं, ड्यूटीचं, वरिष्ठांचं सगळं उत्तर तयार होतं आणि ते मी दिलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणून तर बेट शोधलं, असं ती म्हणाली. नुसता समुद्र बघायचा असता तर रत्नागिरी जवळ होतं. पण रत्नागिरीला मला एक फोन आला असता आणि मी जीप घेऊन निघालो असतो. सौम्याला विचारून विचारून तिनं असं गाव काढलं, जिथून परतीच्या विमानाशिवाय हलता येत नाही.

"चारी बाजूनं पाणी. आठ दिस तरी माझ्यासमोर बसशील," ती म्हणाली. "व्रत घ्यायच्या आधी तेवढंच मागायचं हुतं मला."

मी म्हणालो, असं का बोलतेस, मला वेळ मिळाला की मी गावी येतोच की.

आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. "आठवड्यातनं तीनदा तुझी जीप आपल्या फाट्यावर उभी असती," ती म्हणाली. "परशराम चहावाला सांगतो मला. अतुलअण्णा आलते, चहा पिऊन गेले म्हणून. फाट्यापासनं घर दोन किलोमीटर हाय."

ड्यूटीवर असताना घरी जाता येत नाही, हे माझ्या ओठापर्यंत आलं होतं. पण परशरामच्या बाकावर मी अर्धा अर्धा तास बसत होतो.