दुखणारा मणका
माझ्या आईला कुणीबी विचारू द्या, दुखतंय का, तिचं उत्तर ठरलेलं. न्हाई. अर्धा जन्म ऊसतोडीत गेला. फडात बाई दुखतंय म्हणाली की मुकादम खाडा धरून मजुरी कापायचा, मंग कशाला सांगंल ती? तीच खोड घेऊन ती बीडच्या दवाखान्यात आलती.

मागल्या साली तिच्या छातीची गाठ काढलती. आता तो रोग पाठीच्या मणक्यात उतरलाय. दिवाळीपासून ती वडवणीच्या घरात भिताडाला टेकून, बसल्या बसल्याच डोळे मिटती. मला तिला एकदा आडवं झोपलेलं बघायचं होतं, बाकी काई न्हाई.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला न्हाई. म्हणाले, "रोग जाणार नाही, दुखणं कमी होईल. चिरफाड नाही. सुईनं मणक्यात सिमेंट भरायचं, म्हणजे तो आणखी खचत नाही. पण फोटोत तीन मणके खराब दिसतात. दुखतो कोणता, ते मावशींनीच सांगायचं."

तिला स्टुलावर बसवून ते एकेक मणका दाबू लागले.

"इथं?"

"न्हाई."

"इथं?"

"न्हाई, सायेब."

"मावशी, दुखतच नसेल तर मी सुई कशाला घालू?"

माझं डोकंच फिरलं. "आये, हे काय मुकादम हायत का? रातभर कण्हतीस, आन हितं तोंडाला कुलूप?" दादा, म्हंजी माझे वडील, दाराशी नुसती टोपी चुरगाळत उभे. त्यांचाबी राग आला मला.

"वरडू नगं," आई म्हणाली. "लोक बघत्यात."

तव्हा मला आठवलं. मोळी उचलताना ती पदर दातात धरायची. हितं दवाखान्याचा झगा घातलेला, पदर कुठून येणार? मी माझी ओढणी तिच्या हातात कोंबली. "सायेब, आता दाबा. तिचं ऐकू नका, तोंडाकडं बघा."

पहिला झाला, दुसरा झाला, ओढणी हातातच. तिसऱ्याला तिनं ती दातात आवळली. "न्हाई दुखत," ती तशीच पुटपुटली. डॉक्टरांनी तिथं पेनानं खूण केली.

तिला आत नेलं. मी बाकड्यावर बसले, उठले, परत बसले. दादांनी चहा आणला तर त्यांच्यावरच खेकसले. ओढणीच्या भरवशावर खूण करायला लावली मी, चुकली तर? जीव टांगणीला लागलता.

सांजच्याला तिला वॉर्डात आणलं. ती उताणी होती.

"मावशी, दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई."

ओढणी उशाशी पडलेली. तरी माझा इश्वास बसंना. तिच्या न्हाईचा काय भरवसा?

डॉक्टर गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. "करिष्मा, सुई टोचली तिथं दुखतंय गं. लई दुखतंय. नर्सबाईला सांग की."

जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून हे ऐकलं. मला रडूच फुटलं. डोळे पुसत नर्सबाईला बोलवायला गेले, आन परत आले तर ती आडवीच झोपलती.