दाण्यातले पाणी

मक्याचा दाणा वाळू लागला की त्याच्या माथ्यावर नखाच्या टोकाएवढी खळी पडते. खळी न पडलेला दाणा टपोरा दिसतो, जड भरतो आणि भल्याभल्यांना फसवतो. मला तर खळी कळतच नाही. मी एक जुना ताणकाटा आहे. हुकाला पिशवी अडकवली की माझी स्प्रिंग ताणली जाते आणि काटा एका आकड्यावर थांबतो. मला येते ते एवढेच.

मित्रांनो, देशात किती पिकले हे कोणी दाणा दाणा मोजून सांगत नाही. काही शेतांत दोरी लावून चौकोन आखतात, तेवढेच पीक कापतात, दाणे सोलून माझ्यावर तोलतात आणि त्यावरून साऱ्या देशाचा अंदाज बांधतात. मी नवा कोरा होऊन पीकमोजणीच्या कचेरीत आलो, तेव्हा ताईही तिथे नुकत्याच लागल्या होत्या. त्या मका दोनदा तोलत. एकदा शेतावर, आणि कचेरीच्या गच्चीत खडखडीत वाळवून पुन्हा एकदा. आकडा उतरला की जुने साहेब म्हणत, "ताई, पाखरांची चंगळ झाली वाटतं!"

"उन्हाची झाली, साहेब. जा, त्याच्याकडून वसूल करा."

तेव्हा मला रोज फडक्याने पुसत. माझ्या शब्दाला मान होता.

पुढे कापणीची यंत्रे आली. यंत्राची पाळी येईल त्या दिवशी कापणी. दाणा वाळायची वाट कोण बघणार? त्यात नवे साहेब म्हणाले, "दुसऱ्यांदा तोलायला सवड कुणाला आहे? ओल्या वजनातून नेहमीची घट वजा करा, संपलं." ती घट पूर्वीच्या, शेतातच वाळत आलेल्या मक्याची होती. जास्तीचे पाणी धान्य म्हणून मोजले जाऊ लागले. भिंतीवरचा आलेख वर चढला, टाळ्या वाजल्या. मी खुंटीला लटकून बघत राहिलो. हुकाला गंज धरला, पण ओरडायला तोंड कुठून आणू?

ताईंना शंका होती. त्या एका चौकोनातला सगळा मका खिडकीत वाळवून गुपचूप तोलत. वाळल्या मक्याचा आकडा दरवर्षी आणखी खाली येई. त्या साहेबांच्या दारापर्यंत जात आणि परत येत. सगळ्या आकड्यांखाली सही त्यांचीच होती. "पुढच्या हंगामात नक्की बोलते," असे त्या मलाच सांगत.

मित्रांनो, काट्याला तेलपाणी जरूर करा. पण त्याला काय अडकवताय तेही नीट बघा. ते आम्हाला कळत नाही.

यंदा वरून हुकूम आला. पीक उदंड आहे, तेव्हा अडीअडचणीला राखलेले धान्य परदेशी विकून कोठारे बंद करावीत. फक्त यंदाच्या आकड्यांखाली ताईंची सही हवी होती.

"निवृत्ती तोंडावर आलीय, ताई," शेजारच्या टेबलावरचे कारकून कुजबुजले. "आता कशाला विस्तवात हात घालताय?"

साहेबांनी पेन पुढे केले. ताईंनी ते घेतले आणि टोपण लावून परत ठेवले.

"मी सही करणार नाही, साहेब. इतकी वर्षं आपण पाणी मोजलंय. मीच मोजलंय. पीक वाढत नाहीये, घटतंय. कोठारातला दाणा हलवू नका."