पंचेचाळीस दिवस शिल्लक

उत्कर्षा मेश्रामच्या नावावर पंचेचाळीस दिवसांची भरपगारी रजा साचली होती, आणि कायद्यानं त्याहून जास्त साचवता येत नव्हती. हे तिला कुणी सांगायला नको होतं. बाणेरच्या त्या आयटी कंपनीत नऊशे माणसांच्या रजा तीच बघायची. आस्थापनांचा नवा कायदा आला तेव्हा सगळ्यांसाठी टिपण तिनंच काढलं होतं: वर्षात दोनशे चाळीस दिवस काम भरलं की दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा, शिवाय किरकोळ आठ.

"लोकांना रजा घ्या म्हणून मेल टाकता आणि स्वतः इथंच," तिचे साहेब संजय देव म्हणाले. "ऑडिटवाल्यांनी पहिलं नाव तुमचं काढलंय. दहा दिवस दिसू नका."

"गोंदियाला जाऊन येते," ती म्हणाली.

बोलून गेली खरी, पण गोंदियात आता तिचं कुणी नव्हतं. आई दोन वर्षांपूर्वी गेली, भाऊ बदली होऊन रायपूरला गेला, घरात भाडेकरू होते. ती कर्वेनगरच्या फ्लॅटवरच राहिली. सोसायटीत ऑफिसातली दोन कुटुंबं होती, म्हणून त्यांच्या गाड्या बाहेर पडल्यावरच खाली उतरायची. पडदे धुतले. फडताळातले डबे घासून पुन्हा भरले. दुपारी दोनच्या पुढं काही उरायचंच नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, कालपासून आपल्या तोंडून एक शब्द निघालेला नाही. तिनं मोठ्यानं स्वतःचं नाव घेऊन पाहिलं. घसा बसला होता.

चौथ्या दिवशी भाजीला ती मुद्दाम वारज्याला गेली. तिथं चंपाबाई भेटल्या. ऑफिसात तिच्या मजल्यावरची साफसफाई त्या ठेकेदारामार्फत करायच्या.

"म्याडम! तुमी तर गावाला गेला व्हता ना?"

"तिकीट मिळालं नाही."

"तुमचं बरंय. कंपनीच म्हणती, जा." चंपाबाईंनी मेथीची जुडी पिशवीत टाकली. "माझ्या भाचीचं लगीन हाय रविवारी. महिना झाला सहा दिवस रजा मागतीये. संपत शेठ म्हनतो, रजा कंपनीच्या लोकांना. तुमी माझी मानसं, तुमाला खाडा, पगार कापून."

"त्यांच्याकडे किती वर्षं आहात?"

"पाच."

"मग तुमचीही रजा साचलेली आहे, चंपाबाई. ठेकेदाराच्या माणसालाही कायदा तोच."

उत्कर्षानं तिथल्याच चहाच्या टपरीवर बसून अर्ज लिहिला. चंपाबाईंनी सावकाश, जीभ दाताखाली धरून सही केली. चहा थंड होईपर्यंत त्या भाचीबद्दल बोलत होत्या आणि उत्कर्षा ऐकत होती. चार दिवसांत पहिल्यांदाच संध्याकाळ कधी झाली ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी संपत ठेकेदाराच्या ऑफिसात गेल्या. त्यानं अर्ज वाचला, उत्कर्षाकडे पाहिलं.

"आपण कोण?"

"मी रजांचं काम बघते."

"आमच्या रजा आम्ही बघतो. आणि कायदाच काढायचा तर अर्ज पंधरा दिवस आधी लागतो, मॅडम. आम्हालाही वाचता येतं."

"महिन्यापूर्वी त्यांनी तोंडी मागितली, तुम्ही नाही म्हणालात. पाच वर्षांत किरकोळ एकही दिली नाही. त्याला तर पंधरा दिवस लागत नाहीत." तिनं अर्जावर बोट ठेवलं. "द्यायची नसेल तर या अर्जावर तसं लिहा. नामंजूर, कारण अमुक. खाली सही आणि तारीख."

संपतनं पेन उघडलं. बराच वेळ कागदावर धरून ठेवलं. मग "सहाच दिवस हं," असं पुटपुटत मंजूर लिहिलं.

जिना उतरताना चंपाबाई हसत होत्या, डोळे पुसत होत्या. "लई उपकार झाले बघा."

"लग्न कुठं आहे?"

"पौडाच्या म्होरं. यष्टीनं दीड तास."

"म्हणजे जवळच," उत्कर्षा म्हणाली आणि थांबली. रविवारी तिला काहीच काम नव्हतं. बाई एवढ्यात म्हणतील, तुम्हीही या. आपण आधी नको म्हणू, मग जाऊ. आईची हिरवी साडी कपाटात होती.

"तुमी बी निघा आता घरी," चंपाबाई म्हणाल्या. "कधी नव्हं ती सुट्टी मिळालीये. घरची मानसं वाट बघत असतील."

"हो," उत्कर्षा म्हणाली.

बस आली. चंपाबाईंनी घाईनं तिचा हात दाबला आणि चढल्या. खिडकीशी बसल्याबसल्या त्यांनी फोन कानाला लावला, बहुधा बहिणीलाच. बस वळेपर्यंत त्या बोलतच होत्या.

रविवारी उत्कर्षानं भावाला फोन केला. तो म्हणाला, बाहेर आहोत गं, नंतर करतो. सोमवारी सकाळी उरलेली रजा रद्द करण्याचा अर्ज तिनं ऑनलाइन भरला. दहा मिनिटांत देव साहेबांचा फोन आला.

"अहो, गावाला आहात ना? मग ऑफिस कसलं उघडून बसलाय? रद्दबिद्द काही नाही. आराम करा."

"बरं," ती म्हणाली. त्यांनी फोन ठेवला. अजून तीन दिवस होते. तिनं कॉम्प्युटर बंद केला, कणीक काढली आणि एका माणसापुरती मळायला घेतली.