बोटांवरचे ठिपके

घड्याळजींची उपाशीपोटीची साखर सलग दहाव्या सकाळी दोनशेच्या वर. बाबा औषध घेऊनही चोरून गोड खातात, अशी मुलीची खात्रीच पटली. तिने दुकानातले सगळे खण उपसले, पण सुट्या काट्यांशिवाय काही हाती लागलं नाही.

“संपली का झडती, फौजदारबाई?”

“हात दाखवा बाबा.”

रोज सुई टोचून घेणाऱ्या माणसाची दहाही बोटं गुळगुळीत होती. तिने संशयाने शेजारी उभ्या आईचा हात ओढला. आईच्या बोटांवर काळसर ठिपके होते.

“अगं, बोट दुखलं की ह्यांना बारीक स्क्रू धरता येत नाही,” आई पुटपुटली. “म्हटलं, दोघं एकच जेवण जेवतो, रक्तात असा काय फरक पडणार?”

“बघ! साप साप म्हणून भुई धोपटत होतीस!” बाबा खुशीत म्हणाले.

मुलीने साखरेच्या नोंदवहीतले आकडे पुन्हा वाचले.

“आई, चप्पल घाल. डॉक्टरांकडे जायचंय. हे सगळे आकडे तुझे आहेत.”

बाबांचं हसू मावळलं. त्यांनी साखर मोजायचं यंत्र जवळ ओढलं आणि स्वतःचं बोट पुढे केलं.